एकच नंबर, वेगळी गोळी: शिशाच्या गोळ्यांच्या साच्यांवरच्या नोंदी

शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

कनेटिकट. शेजारच्या आजोबांच्या गराजमध्ये कामाचा मुहूर्त केला. त्यांच्याकडे शिशाच्या गोळ्या ओतायचे साचे दोन लाकडी पेट्या भरून आहेत. काही वडिलांकडून आलेले, काही स्वतः जुन्या बाजारातून उचललेले. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी ओतकाम सोडलं. साचे आता गावातल्या इतिहास मंडळाकडे जाणार आहेत, पण नुसत्या लोखंडी ठोकळ्यांचा ढीग घेऊन मंडळवाले करणार काय? म्हणून प्रत्येक साच्याबरोबर एक कार्ड द्यायचं ठरलंय: कुणी बनवला, साधारण कुठल्या काळातला, आणि त्यातून प्रत्यक्षात केवढी गोळी पडते. माझी नोकरी सगळी भोसरीच्या टूल रूममध्ये गेलेली, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणण्यापेक्षा मीच मान पुढे केली.

गोळी म्हणजे इथे फक्त पुढे सुटणारा शिशाचा तुकडा. दारू, टोपी, पितळी नळकांडं याच्याशी या नोंदींचा संबंध नाही. अमेरिकेत घरी गोळ्या ओतणं हा जुना आणि कायदेशीर छंद आहे. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या कुणी हे वाचून शिसं वितळवायला घेऊ नये.

आजोबा म्हणाले, "नंबर ठोकलाय की प्रत्येकावर. नंबर उतरवून घे, संपलं काम."

नंबरांची रीत तशी सरळ दिसते. लायमन या साचे बनवणाऱ्या कंपनीच्या साच्यावर बहुतेक सहा आकडे असतात. पहिले तीन व्यासाचे, इंचाच्या हजाराव्या भागात. पुढचे तीन आकाराचा अनुक्रमांक. ३११२९१ म्हणजे ०.३११ इंचाची, २९१ नंबरच्या आकाराची गोळी. इंचाचा हजारावा भाग म्हणजे आपला थाऊ, २५.४ मायक्रॉन. ज्या धंद्यात दोन थाऊंवरून गोळी नळीत नीट बसते की नाही हे ठरतं, तिथे ओतीव वस्तूचं माप साच्यावरच्या आकड्यावर सोडून द्यायला मी तयार नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

पेट्या रिकाम्या करून ओळीने मांडणी केली. बहुतेक माल याच राज्यातला. जॉन बार्लो याने १८८४ मध्ये न्यू हेवनला आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. १९१० मध्ये ती मार्लिन या बंदूक कंपनीकडे गेली आणि अखेर १९२५ मध्ये मिडलफील्डच्या लायमनने तो धंदा घेतला. मात्र लायमनने आयडियल हे नाव पुढे बरीच वर्षं साच्यांवर ठोकणं चालू ठेवलं. त्यामुळे नुसतं 'आयडियल' दिसलं म्हणून साचा १९२५ च्या आधीचा ठरत नाही. आजोबांनी तीन साच्यांना 'बाबांच्याही आधीचा' अशा चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्यातल्या एकावर दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत. चिठ्ठी काढली. आजोबा थोडे हिरमुसले.

तुलनेला सगळ्यात सोयीच्या दोन जोड्या. पहिली: आयडियलचा ३०८२९१ आणि नंतरचा लायमनचा ३११२९१. दुसरी: ४२९४२१ हाच नंबर असलेले जुना एकखणी (एका वेळी एकच गोळी पडणारा) आणि अलीकडचा दोनखणी असे दोन साचे. शिवाय ली कंपनीचा अॅल्युमिनियमचा एक, लोखंडी मुठींचा फार जुना एक आणि गोल गोळीचा कात्रीसारखा एक.

शनिवार, २१ सप्टेंबर

लोखंडी मुठींचा साचा आज हातात घेतला. यात ठोकळे आणि दांडे वेगळे नाहीत. दांड्याचंच टोक रुंद करून त्यात अर्धा अर्धा खण कोरलेला. लाकडी मूठ नाही. चार-पाच गोळ्या ओतल्या की दांडा हातात धरवत नसणार. आजोबा म्हणाले, वडील फडकं ओलं करून गुंडाळायचे. मी एकदम त्यांच्याकडे बघितलं. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. "मग ते चष्मा घालायचे का?" "वाचायला घालायचे," आजोबा म्हणाले.

यातला खरा फरक बिजागरीत आहे. जुन्या साच्याचे दोन्ही भाग एका खिळ्याभोवती फिरून मिटतात. म्हणजे ते कमानीत येतात, समांतर येत नाहीत. खिळा झिजला की बिजागरीकडची बाजू आधी टेकते आणि टोकाकडे फट राहते. ती फट केसाएवढी असली तरी गोळीत उतरते. नवीन साच्यात ठोकळे दांड्यांवर मुद्दाम सैल टांगलेले असतात. पहिल्यांदा हाताळणाऱ्याला वाटतं, हे काय, खुळखुळतंय! पण ते तसंच हवं. ठोकळ्यांना एकमेकांशी जुळवण्याचं काम त्यांच्या तोंडावरच्या पिना करतात, दांडे फक्त दाबून धरतात. दांडा वाकडा असला तरी ठोकळा सरळ बसतो. भोसरीत मोल्डच्या गाइड पिना बसवताना आम्ही हेच करायचो: जुळणी एकाकडे, ताकद दुसऱ्याकडे. ही दोन कामं वेगळी करणं ही माझ्या मते जुन्या-नव्यातली सगळ्यात मोठी सुधारणा, आणि जाहिरातीत ती कधी दिसत नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर

साफसफाई. तारेचा ब्रश नाही, पॉलिश पेपर नाही, हे आधीच सांगून ठेवलं. खणाच्या कडा धारदार असतात आणि त्या धारेवरच दोन अर्धे मिळतात. धार गोल झाली की गोळीला दोन्ही बाजूंनी पापुद्रा येतो. गंज होता तिथे तेल लावून रात्रभर ठेवलं आणि लाकडाच्या काडीने उचकटलं.

भिंगाखाली एक गोष्ट लगेच दिसली. अलीकडच्या ठोकळ्यांच्या मिटणाऱ्या तोंडांवर बारीक रेषा ओढलेल्या आहेत, खणापासून बाहेरच्या कडेपर्यंत. हवा निघून जायच्या वाटा. शिसं आत शिरताना हवेला जागा मिळाली नाही तर गोळीच्या अंगावरच्या उंच पट्ट्यांचे कोपरे भरत नाहीत, गोल राहतात. फार जुन्या साच्यांत या रेषा नाहीत किंवा झिजून दिसेनाशा झाल्यात. तरी ते साचे चालले, कारण त्या काळचे साचे इतके घट्ट मिटतच नसत. हवा फटीतून आपली आपण जाई.

आणखी एक. जोडीच्या दोन्ही ठोकळ्यांवर बारीक सारखा आकडा ठोकलेला असतो, जोडी फुटू नये म्हणून. सगळ्या जोड्या तपासल्या. एका ३५८३११ च्या डाव्या ठोकळ्यावर एक आकडा आणि उजव्यावर भलताच. वेगळा काढून ठेवलाय.

शनिवार, ५ ऑक्टोबर

खण आत थेट मोजणं अवघड. खाचा, पट्टे, निमुळतं नाक, सगळं आत दडलेलं. ओतूनच मोजायचं. प्रश्न असा की ओतायचं काय? आजोबांच्या डब्यांत तऱ्हेतऱ्हेच्या लाद्या आहेत. जे हाताला लागेल ते ओतून 'जुना बारीक, नवा जाड' असं लिहिण्यात अर्थ नाही. तेव्हा प्रत्येक साच्यात तीन धातू ओतायचे ठरवलं:

शुद्ध शिसं. लायमन नंबर दोन, म्हणजे ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी. आणि लिनोटाइप, म्हणजे ८४ शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. वर्तमानपत्रांच्या छापखान्यात ओळी ओतायला वापरायचे तोच धातू. ब्रिनेल कठीणपणा ढोबळमानाने ५, १५ आणि २२.

गराजचं दार उघडं, पंखा बाहेर फेकणारा, वेगळे कपडे, कामाच्या जागी चहा नाही. चहा नाही म्हटल्यावर आजोबांनी हातातला कप न बोलता घरात नेऊन ठेवला. मडक्यातल्या धातूवरची मळी काढायला थोडं मेण टाकून ढवळलं. थंड साच्यात पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्याच पडतात, त्या परत मडक्यात. साचा तापून गोळी गुळगुळीत, भरीव पडायला लागली की मगच बाजूला काढायच्या.

रविवार, ६ ऑक्टोबर

रात्रभर थंड झालेल्या गोळ्या आज मायक्रोमीटरवर घेतल्या. ३११२९१ मध्ये नंबर दोनच्या धातूची गोळी ०.३११ ला अगदी लागून. लिनोटाइपची त्याहून किंचित जाड. शुद्ध शिशाची एक थाऊने बारीक. म्हणजे एकाच साच्याच्या एकाच खणातून तीन मापं.

कारण समजायला गणित फार लागत नाही. शिसं ३२७ अंशांना गोठतं आणि तिथून खोलीच्या तापमानापर्यंत, म्हणजे सुमारे ३०० अंश, आक्रसत येतं. दर अंशाला दशलक्षात २९ भाग धरले तर ०.३११ इंचावर हा फरक अडीच थाऊंच्या वर जातो. लिनोटाइप २४० च्या आसपास गोठतो, त्याचा प्रवासच कमी, शिवाय अँटिमनीमुळे आक्रसणंही कमी. तो दीड-पावणेदोन थाऊंवर थांबतो. फरक एका थाऊचा. माझं मोजमाप आणि कागदावरचं गणित जुळलं याचं मला बरं वाटलं, कारण मायक्रोमीटर आजोबांचा होता.

वजनाचं तर विचारूच नका. शिशाची घनता ११.३४, लिनोटाइपची १०.३ च्या जवळ. वर्णनात १७० ग्रेन लिहिलेली हीच गोळी शुद्ध शिशात १८० च्या पुढे जाते आणि लिनोटाइपमध्ये १६४ च्या खाली उतरते. ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, पौंडात ७००० ग्रेन. आपल्याकडे सोन्याला जो तोळा वापरला जाई, तो इंग्रजांनी १८३३ मध्ये बरोबर १८० ग्रेनचा ठरवला. म्हणजे शुद्ध शिशातली ही गोळी तोळाभर. हे ऐकून आजोबांनी एक गोळी तळहातावर तोलली आणि तोळ्याचा आजचा भाव विचारला. सांगितल्यावर म्हणाले, "मग आपण चुकीचा धातू ओततोय."

शनिवार, १२ ऑक्टोबर

आज दसरा. काम थोडंच. मायक्रोमीटर, कॅलिपर आणि साच्यांना हळद-कुंकू वाहिलं. टूल रूममध्ये खंडेनवमीला लेथला हार घालायचो, ती सवय. झेंडूची फुलं इथे मिळाली. आपट्याची पानं नाहीत. आजोबा आदराने टोपी काढून उभे राहिले.

संध्याकाळी भोसरीच्या आमच्या जुन्या फोरमनना फोन केला. सगळी शॉप त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणतो. शुभेच्छा झाल्यावर पेट्यांतल्या आणखी एका जोडीबद्दल विचारलं, "मामा, एकाच नंबरचे दोन साचे, दोन्ही एकाच कारखान्यातले, आणि मापात दीड थाऊचा फरक. धातू तोच. कशामुळे?"

"खण पाडलाय कशाने?"

सांगितलं. इथे त्या कटरला चेरी म्हणतात. गोळीच्याच आकाराचा, दातऱ्या असलेला कटर. दोन कोरे ठोकळे आपोआप मध्य साधणाऱ्या व्हाइसमध्ये समोरासमोर धरायचे, मध्ये फिरती चेरी, आणि व्हाइस हळूहळू मिटवत न्यायचा. ठोकळे एकमेकांना टेकले की खण तयार. दोन्ही अर्धे एकाच वेळी, एकमेकांच्या साक्षीने कोरले जातात.

मामा हसले. "अरे, मग त्यात काय कोडं? फॉर्म कटर आहे तो. बोथट झाला की घासणार, घासला की बारीक होणार. नवा कटर वरच्या मापाला बनवतात, म्हणजे घासायला मटेरियल राहतं. तुझा एक साचा नव्या कटरचा, दुसरा म्हाताऱ्या कटरचा. साचा जुना का नवा ते नको बघूस. कटरचं वय बघ."

हे इतकं साधं होतं की मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. १९३० चा साचा १९७० च्या साच्यापेक्षा जाड गोळी देऊ शकतो आणि उलटही. सालावरून मापाचा अंदाज बांधायचा नाही.

आणि त्या ३५८३११ चं कोडंही फोन ठेवता ठेवता सुटलं. अर्धे एकत्र कोरले जातात, त्यामुळे दुसऱ्या जोडीतला अर्धा लावला तर पिना बसतील, ठोकळे मिटतील, पण खण एकमेकांसमोर येणार नाहीत.

रविवार, १३ ऑक्टोबर

ओतून बघितलं. गोळीला जोडरेषेवर पायरी आहे, नखाला लागते. कार्डावर लिहिलं: 'जोडी विजोड. ठेवण्यासाठी, वापरण्यासाठी नाही.'

शनिवार, १९ ऑक्टोबर

आता ३०८२९१ आणि ३११२९१. आकार एकाच घराण्यातला. बार्लोच्या काळातली, .३०-३० विंचेस्टरसाठीची गोळी. ते काडतूस १८९५ चं, बिनधुराच्या दारूवर चालणारं, आणि तिथूनच ओतीव गोळीच्या अडचणी सुरू झाल्या. काळ्या दारूच्या दिवसांत वेग कमी होता, शिशात थोडं कथील घातलं की भागायचं. वेग वाढला तसा मऊ गोळीचा बूड गरम वायूने कापला जाऊ लागला आणि नळीत शिसं चिकटू लागलं. बार्लोने उपाय काढला: बुडाला पायरी ठेवायची आणि त्यावर तांब्याची छोटी वाटी बसवायची. आजही ती वाटी वापरात आहे.

जुन्या साच्यावरचा ३०८ हा नळीच्या आतल्या खाचांचा व्यास. नंतरच्या साच्यावरचा ३११ हा ओतलेल्या गोळीचा, जी मग डायमधून दाबून हव्या मापाला आणायची. म्हणजे तीन आकड्यांचा अर्थच मधल्या काळात सरकला. गंमत अशी की आमचा ३०८२९१ नंबर दोनच्या धातूत ०.३१० ची गोळी देतो. नंबरात तीन थाऊंचा फरक, गोळीत जेमतेम एकाचा. नंबरावर विश्वास ठेवून कुणी हा साचा 'बारीक आहे' म्हणून टाकून दिला असता.

फरक दुसरीकडेच सापडला, बुडाच्या पायरीत. जुन्या पायरीवर आजची हॉर्नडी कंपनीची वाटी सैल बसते, नव्या साच्याच्या पायरीवर घट्ट. जुन्या वाट्या नुसत्या सरकवून बसवायच्या असत. हॉर्नडीची वाटी कडेने शिशाला चावून धरते. दोन्हींचं पायरीकडून मागणं वेगळं. जुने-नवे साचे ताडून बघणारी मंडळी व्यास मोजतात, वजन करतात, आणि बुडाकडे बघतच नाहीत. मी आता प्रत्येक कार्डावर पायरीच्या मापाची वेगळी ओळ ठेवलीय.

शनिवार, २६ ऑक्टोबर

आजचा दिवस ४२९४२१ चा. सगळ्यात जास्त वाट मी याच जोडीची बघत होतो.

ही एल्मर कीथची गोळी. आयडाहोचा माणूस, गुरं सांभाळणारा आणि बंदुकांवर लिहिणारा. .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरसाठी त्याने १९२० च्या दशकात हिचा आकार ठरवला. पुढे १९५५ मध्ये .४४ मॅग्नम हे जास्त ताकदीचं काडतूस आलं त्यामागे त्याचा तगादा होता. त्याच्या आकारात दोन हट्ट होते. एक, तीन पट्टे सारख्या रुंदीचे, आणि त्यातला पुढचा पट्टा पूर्ण व्यासाचा. चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकातून, निघताना गोळी सरळ ठेवायला तो लागतो. दोन, ग्रीस भरायची खाच चौकोनी बुडाची आणि खोल, म्हणजे भरपूर ग्रीस मावेल.

आजोबांच्या एकखणी साच्यात दोन्ही हट्ट जसेच्या तसे आहेत. नंतरच्या दोनखणी साच्यावर नंबर तोच, आणि खाच गोल बुडाची, पुढचा पट्टा डोळ्याला दिसेल इतका अरुंद. कीथने याबद्दल छापील तक्रारी केल्या. त्याच्या नावाने ओळखली जाणारी गोळी त्याने ठरवलेली राहिली नव्हती.

आजोबा कीथच्या बाजूचे, आणि तेही जोरात. मी कारखान्याच्या बाजूने थोडं बोललो. चौकोनी खाच कोरणाऱ्या चेरीच्या दातांचे कोपरे सगळ्यात आधी जातात. गोल दात जास्त टिकतो. चौकोनी खाचेतून गोळी सुटताना अडकते, साच्यावर लाकडी दांडका मारावा लागतो, आणि गिऱ्हाईक तक्रार करतं की साचा खराब आहे. गोल खाचेतून गोळी आपणहून पडते. उत्पादन करणाऱ्याला हे सगळं दिसतं. "पण मग नंबर बदलायचा ना!" आजोबा म्हणाले. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे ड्रॉइंगमध्ये एक त्रिज्या बदलली तरी सुधारणेचं अक्षर पुढे जायचं, आणि जुनी ब्लू प्रिंट शॉपमधून गोळा करून फाडली जायची. इथे आकार बदलला आणि नाव तसंच राहिलं, त्यामुळे जुन्या साच्यावरचे शेरे नव्या साच्याला चिकटले आणि नव्याचे जुन्याला.

वजनं, नंबर दोनच्या धातूत: एकखणी २५० ग्रेनच्या थोडं वर, दोनखणी त्याच्या खाली. शुद्ध शिशात जुनी गोळी २६५ च्याही पुढे गेली. व्यास दोन्हींचा जवळपास सारखाच. व्यासावरच थांबलो असतो तर 'फरक नाही' असं लिहून मोकळे झालो असतो.

दोनखणीतले दोन खणही एकमेकांशी शंभर टक्के जुळत नाहीत. पुढचा खण अर्ध्या थाऊने मोठा. तळाला खुणेसाठी बारीक ठिपका आहे, त्यावरून कुठली गोळी कुठल्या खणातली ते कळतं.

रविवार, ३ नोव्हेंबर

पाडवा, भाऊबीज यांतून वेळ काढून अॅल्युमिनियमचा साचा तपासला. ली कंपनी विस्कॉन्सिनमधली, हार्टफर्ड गावची. (आमच्या राज्यातल्या हार्टफर्डशी, म्हणजे कोल्टच्या गावाशी, तिचा संबंध नाही, आजोबांना दर वेळी सांगावं लागतं.) साचा हलका, स्वस्त, गंजत नाही. लगेच तापतो आणि लगेच निवतो. लोखंडी साचा एकदा तापला की तासभर एकसारखा चालतो. याच्याशी मात्र ताल धरून काम करावं लागतं, मध्ये गप्पा मारत बसलं की पुढची गोळी सुरकुतते.

थंड असताना अॅल्युमिनियमचा आणि लोखंडाचा खण सारखा मोजला तरी ओतताना ते सारखे नसतात. अॅल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात २३ भाग प्रसरतं, लोखंड १२ च्या आसपास, पितळ १९. साचा खोलीपेक्षा १८० अंश वर तापलेला धरला तर ०.३११ च्या खणात अॅल्युमिनियमला सव्वा थाऊची वाढ मिळते, लोखंडाला सुमारे पाऊण. अर्ध्या थाऊचा फरक नुसत्या साच्याच्या धातूचा. हुशार बनवणारा हे धरूनच खण पाडतो. आज काही छोटे कारखाने चेरी वापरतच नाहीत. ठोकळे मिटवून सीएनसी लेथवर एका टोकाच्या टूलने आतून बोअर करतात, आणि मागणी घेतानाच विचारतात: व्यास किती हवा, आणि कुठल्या मिश्रधातूत? हा प्रश्न बार्लोच्या कारखान्यात विचारला जाणं शक्य नव्हतं, कारण चेरी एकच आणि गिऱ्हाइकं हजार.

शनिवार, ९ नोव्हेंबर

गोल गोळीचा कात्री-साचा. नाव नाही, नंबर नाही. ओतायच्या भोकात उरलेलं शिशाचं शेपूट कापायला वर वेगळं पातं नाही. दांड्यांतच कातर आहे, गोळी बाहेर काढून शेपूट तिथे चिमटून तोडायचं. त्यामुळे प्रत्येक गोळीवर तोडल्याची सपाट टिकली राहते.

या गोळ्यांवरून एक बाजूची गोष्ट. रणांगणावर सापडणाऱ्या चेपलेल्या गोळ्यांचा मूळ व्यास काढायला अमेरिकन पुरातत्त्वात डॅनियल सिव्हिलिच यांचं सूत्र वापरतात: ग्रॅममधल्या वजनाचं घनमूळ गुणिले ०.२२३२०४, उत्तर इंचात. न्यू जर्सीतल्या १७७८ च्या मॉनमथ लढाईच्या जागी केलेल्या कामातून ते आलं. मी सूत्र उलटं फिरवून घनता काढली तर १०.५ च्या जवळ आली, शुद्ध शिशाच्या ११.३४ पेक्षा बरीच कमी. म्हणजे छावणीत घाईत ओतलेल्या गोळ्यांमधली हवा आणि भेसळ त्या आकड्यात आधीच धरलेली आहे. आमची गराजमधली गोळी त्या सूत्रात घातली तर व्यास खऱ्यापेक्षा मोठा येतो. आमचं शिसं जास्त स्वच्छ आणि भरीव.

या साच्याची गोळी जोडरेषेवर दोन थाऊ जाड आहे. बिजागरी झिजलेली. २१ सप्टेंबरला लिहिलं तेच.

शनिवार, १६ नोव्हेंबर

कार्डं लिहायला बसलो. मंडळाकडून आलेल्या नमुन्यात 'कॅलिबर' आणि 'वजन' अशा दोनच चौकटी होत्या. त्या खोडून अशा केल्या: ठोकलेला नंबर. ठोकळ्यांचे जोडी-आकडे. खणाची पद्धत, चेरी की बोअर. कुठल्या धातूत ओतून मोजलं. व्यास जोडरेषेवर आणि तिच्या काटकोनात, दोन वेगळे. बुडाची पायरी. खाचेचा आकार, चित्र काढून. वजन तिन्ही धातूंत. काळ, फक्त खात्री असेल तर. नसेल तर चौकट रिकामी.

मंडळातल्या बाईंनी विचारलं, इतकं कोण वाचणार? आजोबा म्हणाले, "ज्याला ४२९४२१ हवा असेल तो." आणि एकखणीच्या कार्डावर स्वतःच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं: 'कीथचा, चौकोनी खाच.' दोनखणीवर लिहिलं, 'कीथचा नाही.' मी ते खोडून 'गोल खाच, नंतरचा' असं केलं. ते वाचून त्यांनी कंसात पुन्हा 'कीथचा नाही' घातलं. राहू दिलं.

उरलेलं: विजोड ३५८३११ चा खरा जोडीदार. आजोबांना आठवतंय की एका चुलत भावाने असाच साचा त्यांच्याबरोबर घेतला होता, आणि एकदा दोघांनी एकाच टेबलावर साफसफाई केली होती. भाऊ मेन राज्यात आहे. त्याला दोन्ही ठोकळ्यांचे आकडे पत्राने कळवलेत.